गाडी करायची, पण कुठे?

तीन दिवसांच्या सहलीला निघायचे ठरले की घरात पहिला वाद होतो तो गाडीचा. आमच्याही घरी झाला. छत्रपती संभाजीनगर, म्हणजे आपले जुने औरंगाबाद, येथे जाऊन अजिंठा-वेरूळची लेणी पाहायची, असे बरीच वर्षे मनात होते. भिंतीवरच्या कॅलेंडरात अजिंठ्याचे चित्र पाहता पाहता आईची सत्याहत्तरी आली. यंदा मात्र आम्ही मनावर घेतले. आम्ही दोघे, आई, ताई, चौदा वर्षांची मुलगी आणि दहा वर्षांचा मुलगा, अशी सहा माणसे. मुंबईहून रात्रीच्या रेल्वेने जायचे, एवढे नक्की झाले. पण तिथे पोहोचल्यावर फिरायचे कशाने?

धाकट्या भावाचे म्हणणे, "तिन्ही दिवस गाडीच करा. आईचे गुडघे दुखतात." ते खरेच होते. पण खर्चाचा आकडा ऐकून आई म्हणाली, "माझ्यापायी एवढा पैसा जाणार असेल तर तुम्ही जाऊन या. मी घरीच बरी." जिच्यासाठी जायचे तीच मागे राहणार असेल तर सहल कशाची? म्हणून आम्ही वही-पेन घेऊन हिशेबाला बसलो. तो हिशेब वाचकांच्या उपयोगी पडेल म्हणून येथे देत आहोत.

बाहेरगावच्या भाड्यात बहुधा दिवसाला किमान ३०० किलोमीटरचे पैसे धरतात. गाडी कमी चालली तरी पैसे तेवढेच. शिवाय चालकाचा भत्ता, टोल आणि पार्किंग वेगळे. तीन दिवसांचे झाले ९०० किलोमीटर. आता आमचे खरे फिरणे किती? अजिंठा शहरापासून सुमारे १०० किलोमीटर, जाऊन-येऊन २००. वेरूळ सुमारे ३०, जाऊन-येऊन ६०. शहरातले फार तर ३०. सगळे मिळून २९०. म्हणजे चालणार २९० आणि पैसे भरायचे ९०० चे!

मग एसटीचा हिशेब मांडला. ऑगस्ट २०२२ पासून पंच्याहत्तरी पार केलेल्यांना राज्यात एसटीचा प्रवास मोफत आहे. मार्च २०२३ पासून महिलांना अर्धे तिकीट आहे. बारा वर्षांखालच्या मुलांना अर्धे पूर्वीपासूनच आहे. आईचे काही नाही, तिघी बायकांचे अर्धे-अर्धे, मुलाचे अर्धे आणि आमच्यातल्या एका पुरुषाचे पूर्ण. माणसे सहा, पण पैसे तीन तिकिटांचे! तेवढे आधार कार्ड जवळ ठेवायला विसरू नये.

पण नुसता पैसा पाहून चालत नाही, आईचे गुडघेही पाहायचे होते. तेव्हा आम्ही एकच प्रश्न विचारला : आपण लेणी पाहत असताना गाडी उभी कुठे राहणार?

अजिंठ्याला खासगी वाहने फर्दापूरच्या फाट्यावरच थांबवतात. तिथून लेण्यांपर्यंतचे सुमारे चार किलोमीटर एसटीच्याच बसने जावे लागते. म्हणजे दिवसभराचे भाडे देऊन आणलेली गाडी चार किलोमीटरवर उभी! दमलेल्या माणसाला तिचा उपयोग काय? म्हणून अजिंठ्याला आम्ही सकाळच्या पहिल्या एसटीने गेलो.

तिथे चढण आणि पायऱ्या आहेतच. खुर्चीच्या डोलीतून वर नेणारी माणसेही आहेत. आम्ही आईला विचारले. ती म्हणाली, "ज्याला चालवतच नाही त्याने बसावे, त्यांचीही रोजीरोटी आहे. मला अजून चालवतंय." मग दहा पावले चालायचे आणि सावलीला बसायचे, असे करत आम्ही शेवटी सव्विसाव्या लेण्यात पोहोचलो. तिथली महापरिनिर्वाणाची आडवी विशाल मूर्ती पाहून आई बराच वेळ भिंतीशी बसून राहिली. कोणी तिला 'चल' म्हटले नाही.

दुसऱ्या दिवशी गुडघा धरणार, हे आम्ही ओळखून होतो. त्या दिवसापुरती वेरूळसाठी गाडी सांगून ठेवली होती, तीही 'आठ तास, ऐंशी किलोमीटर' या स्थानिक बोलीवर. तिथे गाडी लेण्यांच्या आवाराजवळ थांबते. आईने दहाव्या लेण्यातले चैत्यगृह निवांत पाहिले. परतताना मुले देवगिरीचा किल्ला चढली, तोवर आई पायथ्याशी गाडीत पाय पसरून झोपली. त्या दिवशी उभ्या गाडीचेही पैसे वसूल झाले.

तिसऱ्या दिवशी शहरात दोन रिक्षा केल्या. बीबी का मकबरा आणि पाणचक्की पाहिली. डॉ. बाबासाहेबांनी १९५० साली सुरू केलेले मिलिंद महाविद्यालय मुलांना मुद्दाम दाखवले. औरंगाबाद लेण्यांना जाताना रिक्षा थांबवूनच ठेवावी, परतीला मिळेलच असे नाही.

गाडी करणाऱ्यांनी काही गोष्टी लक्षात ठेवाव्यात. नंबरप्लेट पिवळी आणि अक्षरे काळी असलेलीच गाडी करावी. पांढऱ्या पाटीची खासगी गाडी भाड्याने फिरवायला परवानगी नसते आणि अपघात झाल्यास विम्याची भरपाई अडते. गाडीला किती माणसांचा परवाना आहे ते विचारावे. सहाजणांना लहान गाडीत कोंबू नये. किलोमीटर कुठून मोजणार, टोल-पार्किंग कोणाकडे आणि जास्तीच्या तासाचे किती, हे कागदावर लिहून घ्यावे. आणि अजिंठा सोमवारी तर वेरूळ मंगळवारी बंद असते, हे पाहूनच दिवस ठरवावेत. आम्ही शुक्रवार ते रविवार गेलो.

गाडी करणे ही चैन नव्हे, आणि न करणे हा कमीपणाही नव्हे. घरातल्या सर्वांत थकलेल्या माणसाला जिथे तिचा आधार होईल, तिथे ती जरूर करावी. ती केवळ तोऱ्यासाठी असेल तर पैसे वाचवावेत. आमचे जे वाचले, त्यातून पुढच्या वर्षी सांचीला जायचे आहे. आईने आतापासूनच विचारले आहे, "तिथे पायऱ्या किती रे?"