माहिती चौकट : कौल किती टक्क्यांचा?

इंदूर संस्थान 1948 मध्ये मध्य भारतात गेले ते संस्थानिकांच्या करारावर. इंदूरकरांचे मत मतपेटीतून कुणी घेतले नाही. गोव्यात मात्र 16 जानेवारी 1967 रोजी जनमत कौल झाला. प्रश्न स्वातंत्र्याचा नव्हता, महाराष्ट्रातील विलीनीकरणाचा होता. विलीनीकरणासाठी फूल, केंद्रशासित राहण्यासाठी दोन पाने, अशी चिन्हे होती. सत्तेच्या दबावाची शंका नको म्हणून मुख्यमंत्री भाऊसाहेब बांदोडकरांच्या मंत्रिमंडळाने आधीच राजीनामा दिला होता. ही गोष्ट आजही आवर्जून सांगावी अशी आहे.

दोन पानांना 1,72,191 मते पडली, फुलाला 1,38,170, आणि 7,272 बाद झाली. साधे बहुमत पुरेसे होते. पण टक्का कशाचा धरायचा? एकूण पडलेल्या मतांच्या हा कौल 54.2 टक्के भरतो, वैध मतांच्या 55.5 टक्के आणि यादीतल्या सर्व मतदारांच्या जेमतेम 44 टक्के.

इतरत्र साधे बहुमत पुरेसे नव्हते. माँटेनेग्रोला 2006 मध्ये स्वातंत्र्यासाठी वैध मतांच्या 55 टक्क्यांची अट होती, मिळाले 55.5. स्कॉटलंडमध्ये 1979 साली, स्वतःच्या विधिमंडळासाठी, एकूण मतदारांपैकी 40 टक्क्यांचा होकार लागणार होता. मतदान करणाऱ्यांपैकी 51.6 टक्के बाजूने होते, तरी मतदारयादीच्या हिशेबात ते 32.9 टक्केच ठरले आणि प्रस्ताव बारगळला. म्हणूनच अट कोणतीही असो, ती कशावर मोजणार हे मतदानाआधीच जाहीर झाले पाहिजे.

या कौलाने केंद्रशासित राहिलेले गोवा पुढे 30 मे 1987 रोजी घटक राज्य झाले.