हाती आलेलं पाखरू : लेखांक 7
पारव्याचं पिल्लू आ वासत नाही

बुलबुलाच्या पिल्लापुढे बोट हलवलं की ते आ वासतं, हे गेल्या आठवड्यात आपण पाहिलं. तसंच बोट पारव्याच्या पिल्लापुढे नेऊन बघा. ते अंग फुगवतं, चोच टकटक वाजवतं, पंखाचा फटका मारायला येतं, पण तोंड काही उघडत नाही. घरातल्यांना वाटतं, याला भूकच नाही. संध्याकाळपर्यंत कुणाचा तरी धीर सुटतो. मग बळेच चोच उघडून ड्रॉपरने गाईचं दूध आत सोडलं जातं. माणसांच्या घरात दगावलेली पारव्याची जी पिल्लं मी पाहिली, त्यांतली बहुतेक उपासाने नाही, अशा भरवण्याने गेली. म्हणून आजचा लेखांक मुख्यतः खाण्यापिण्याचाच आहे.

हे पिल्लू आ वासत नाही, कारण त्याच्या आईबापांची भरवायची रीतच उलटी आहे. पिल्लू आपली चोच त्यांच्या तोंडात खुपसतं आणि आतून वर येणारं अन्न ओढून घेतं. पहिले तीन-चार दिवस हे अन्न म्हणजे निव्वळ ‘कबुतराचं दूध’. पक्ष्याच्या गळ्याखाली, छातीच्या वर एक पिशवी असते, तिला अन्नपुट म्हणतात. पिल्लं अंड्यातून बाहेर यायच्या सुमारास या पिशवीचं अस्तर जाड होतं, त्याच्या पेशी सुटू लागतात आणि कुस्करलेल्या पनीरसारखा फिकट पिवळा लगदा तयार होतो. त्यात प्रथिनं आणि चरबी भरपूर, लॅक्टोज मात्र अजिबात नाही. नर आणि मादी, दोघंही तो बनवतात. ठाणे खाडीत दिसणारे रोहित पक्षीसुद्धा आपल्या वीण-वसाहतीत पिल्लांना अन्नमार्गातून पाझरणारा असाच रस भरवतात, पण बाकीच्या पक्ष्यांत ही सोय फार थोड्यांकडे आहे. गंमत अशी की आईच्या दुधामागे जे प्रोलॅक्टिन असतं, तेच या लगद्यामागेही असतं. 1930च्या दशकात अमेरिकेत ऑस्कर रिडल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या संप्रेरकाला हे नाव दिलं, आणि ते मोजण्याची त्यांची पद्धत होती कबुतराचं अन्नपुट किती वाढलं ते बघण्याची.

गाईचं दूध याची जागा घेऊ शकत नाही. त्यातलं लॅक्टोज पक्ष्याला पचत नाही, हगवण लागते. त्याहून मोठा धोका थेंबांचा. पक्ष्याच्या श्वासनलिकेचं तोंड जिभेच्या अगदी मागे उघडतं. वरून सोडलेला थेंब तिथून फुप्फुसात गेला तर पिल्लू तासाभरात धापा टाकू लागतं. दूध-पाव, दूध-भात, बिस्किट कालवून, यांतलं काहीही देऊ नये.

पण त्याआधीचा प्रश्न : या पिल्लाला उचलायची खरंच गरज आहे का? पारव्याचं घरटं म्हणजे एसीच्या मागे, ग्रिलमध्ये किंवा रिकाम्या कुंडीत चार काड्या आणि एखादी तार. तिथून पिल्लू खाली पडलं असेल, धडधाकट असेल आणि जागा सापडत असेल तर परत ठेवून द्या. माणसाचा हात लागला की आई पिल्लाला टाकते, हा समज खोटा आहे. घरटंच मोडलं असेल तर पसरट टोपलीत काड्या घालून ती मूळ जागेच्या जितकी जवळ बांधता येईल तितकी बांधा, आणि लांबून लक्ष ठेवा. पारवे दिवसातून मोजक्याच वेळा भरवायला येतात, तेव्हा तासभर कुणी फिरकलं नाही म्हणून पिल्लू अनाथ ठरवू नका. एसी दुरुस्तीवाला किंवा जाळी बसवणारा येण्याआधी त्या कोपऱ्यात डोकावून बघा. अंडी सुमारे अठरा दिवस उबवली जातात आणि पिल्लं साधारण महिन्याभराने उडून जातात. तेवढं काम पुढे ढकलता आलं तर पुढचा सगळा खटाटोप वाचतो.

मांजराने धरलेलं पिल्लू मात्र थेट डॉक्टरकडे न्यायचं. जखम दिसत नसली तरीही. मांजराच्या तोंडातले जंतू पक्ष्याच्या रक्तात पसरायला एक दिवस पुरतो, प्रतिजैविक वेळेत मिळालं तरच आशा असते. मुंबईत परळचं बाई साकरबाई दिनशॉ पेटिट रुग्णालय, म्हणजे जुन्या मुंबईकरांचं बैलघोडा, याकरता माहीत असावं. दिल्लीत लाल किल्ल्यासमोरच्या जैन लाल मंदिरात तर पक्ष्यांसाठी स्वतंत्र रुग्णालयच आहे.

पिल्लू घरी ठेवावंच लागलं तर क्रम ठरलेला : आधी ऊब, मग पाणी, मग अन्न. तो मोडू नका. पक्ष्याच्या अंगाचं तापमान आपल्यापेक्षा जास्त, 41 अंशांच्या आसपास असतं. गार पडलेल्या पिल्लाचं अन्नपुट काम करत नाही. त्यात घातलेलं अन्न तिथेच आंबतं. अंगावर पिसं नसतील तर भोवतालची हवा 35 अंशांच्या आसपास हवी, आठवड्याच्या पिल्लाला थोडी कमी चालते. खोक्यात टॉवेल अंथरा, गरम पाण्याची बाटली फडक्यात गुंडाळून एकाच बाजूला ठेवा, म्हणजे जास्त झालं तर पिल्लाला सरकता येईल. पाय हाताला कोमट लागले की जमलं. खाली गुळगुळीत वर्तमानपत्र नको, पाय फाकतात आणि कायमचे तसेच राहू शकतात.

पाणी पाजण्यात पारव्याने आपलं काम सोपं करून ठेवलंय. बहुतेक पक्षी चोचीत घोट घेऊन मान वर करतात. पारवा चोच बुडवून सरळ ओढून पितो. कपभर कोमट पाण्यात चिमूटभर मीठ, चिमूटभर साखर घाला, लहानशा वाटीत पिल्लाच्या चोचीचं टोक बुडवा, नाकपुड्या वर राहतील इतकंच. क्षणभर काही होत नाही, मग गळ्याची हालचाल दिसू लागते आणि वाटीतलं पाणी कमी होताना दिसतं. तोंडात पाणी ओतायचं नाही, ड्रॉपरनेही नाही.

आता अन्न. ते वयावर ठरतं आणि वय अंगावर लिहिलेलं असतं. डोळे मिटलेले आणि अंगावर विरळ पिवळी लव असेल तर पिल्लू चार-पाच दिवसांच्या आतलं. हे सगळ्यात अवघड, जमलं तर अनुभवी माणसाच्या हाती द्यावं. पोपटाच्या पिल्लांना भरवायची पावडर पक्ष्यांच्या दुकानात मिळते, ती आधी पातळ, मग दिवसागणिक घट्ट करत द्यायची. मनगटाच्या आतल्या बाजूला थेंब लावून बघा. कोमट लागला पाहिजे, चटका बसता कामा नये, कारण गरम लगद्याने अन्नपुट आतून भाजतं. एका वेळी पिल्लाच्या वजनाच्या दहाव्या हिश्शाइतकं, म्हणजे 50 ग्रॅमच्या पिल्लाला 5 मिलीलीटर. स्वयंपाकघरातला छोटा डिजिटल काटा यासाठी फार उपयोगी पडतो.

भरवायचं कसं? 10 मिलीलीटरची नवी सिरिंज घ्या, पुढचं नळीचं टोक कापून कडा घासून गुळगुळीत करा. उघड्या तोंडावर फुग्याचं रबर ताणून बसवा आणि मधोमध चोच जाईल एवढी चीर द्या. आत लगदा भरा, चोचीचं टोक चिरेत घाला आणि दोन बोटांनी चोचीच्या मुळाशी हलकेच दाबा. आईच्या तोंडात गेल्यावर जे होतं तेच इथे होतं. पिल्लू थबकतं, मग मान पुढे घुसवतं, चीं चीं करत दोन्ही पंख फडफडवतं आणि सगळ्या अंगाने खातं. अधूनमधून चोच बाहेर काढून श्वास घेऊ द्या आणि नाकपुड्या ओल्या फडक्याने पुसा. मला भरवण्याच्या सगळ्या रीतींत हीच पसंत आहे, कारण किती खायचं ते पिल्लू ठरवतं.

डोळे उघडलेले आणि पंखांवर काळसर नळ्या फुटू लागलेल्या असतील तर पिल्लू आठवडा ओलांडून गेलेलं आहे. याच वयात आईबापही दूध थांबवून दाण्यांवर येतात. दुसरा आठवडा सरताना फ्रोझन मटार आणि मक्याचे दाणे देता येतात. ते पूर्ण वितळवून कोमट पाण्यात ठेवायचे. पिल्लाला टॉवेलमध्ये सैल गुंडाळून मांडीवर घ्या, डाव्या हाताने चोच बाजूने उघडा, दाणा जिभेच्या मागे ठेवा आणि चोच सोडा, ते गिळतं. लहानाला एका वेळी 15-20 दाणे, मोठ्याला 30-40. पहिल्या दिवशी झटापट होते. दोन दिवसांत तेच पिल्लू हात दिसला की बोटांच्या बेचक्यात चोच खुपसू लागतं.

पुढच्या वेळी कधी भरवायचं, हे घड्याळाला विचारू नका, अन्नपुटाला विचारा. छातीच्या वर बोट ठेवलं की दाणे हाताला लागतात. पिशवी भरल्यावर मऊ असावी, टणक नाही. ती जवळजवळ रिकामी झाली की पुढचं अन्न. रात्रभरात ती पूर्ण रिकामी व्हायला हवी. सकाळीही ती भरलेली असेल, तोंडाला आंबूस वास येत असेल तर आणखी भरवू नका, डॉक्टर गाठा. शीटही रोज बघा : गोळीसारखी, वर पांढरी टोपी, तर ठीक. गडद हिरवी आणि पाणचट असेल तर बहुधा पोटात अन्नच पोचत नाहीये. घशात पिवळी, पनीरसारखी साय दिसली तर तो ट्रायकोमोनासचा संसर्ग असू शकतो. तो आईबापांच्या दुधातूनच पिल्लाला होतो आणि औषधाने बरा होतो. साय खरवडायला जाऊ नका, रक्तस्राव होतो.

आता माणसांबद्दल. 2025च्या जुलैपासून मुंबईत कबुतरखान्यांवरून मोठा वाद झाला, आणि आरोग्याचा मुद्दा त्यात खोटा नव्हता. पारव्याच्या वाळलेल्या शिटेची आणि पिसांची धूळ वर्षानुवर्षं छातीत गेली तर काहींच्या फुप्फुसांना कायमची इजा होते. थवेच्या थवे पोसावेत असं मलाही वाटत नाही. पण खोक्यातलं एक पिल्लू महिनाभर सांभाळणं ही वेगळी गोष्ट आहे आणि ती बिनधोक करता येते : मास्क लावा, टॉवेल रोज बदला, शीट कोरडी झाडू नका, ओल्या फडक्याने पुसा, हात साबणाने धुवा. घरात दमेकरी, तान्हं मूल किंवा प्रतिकारशक्ती कमी असलेलं कुणी असेल तर पिल्लू दुसऱ्या घरी द्या. आणि खोकं स्वयंपाकघरात कधीच नको.

तिसऱ्या आठवड्यापासून ताटलीत ज्वारी, बाजरी, गहू, मूग, मसूर पसरून ठेवा. बोटाने दाण्यांवर टकटक केली की पिल्लू बघून चोच मारतं. सुरुवातीला दाणा उचलतं आणि पाडतं. या काळात हाताने भरवणं एकदम थांबवू नका, रोज वजन करा. ते उतरू लागलं तर भरवणं पुन्हा वाढवा. थोडी बारीक वाळू आणि अंड्याच्या कवचाचा चुरा ठेवा. दाणे दळायला पक्ष्याच्या पेषणीला खडे लागतात. सकाळचं कोवळं ऊन मिळू द्या, नाहीतर हाडं मऊ राहतात.

पाचव्या-सहाव्या आठवड्यात डोक्यावरचे पिवळे तंतू गळून जातात. खोलीत उड्डाण सरळ होतं, दाणे स्वतः टिपले जातात. तेव्हा सोडायची वेळ झाली असं समजा. लळा लागलाय म्हणून ठेवून घेऊ नका. सोडण्याआधी काही दिवस पिंजऱ्यात ठेवून गॅलरीतून इतर पारवे दिसू द्या, घार आणि शिक्रा कसे दिसतात तेही त्याला तिथूनच कळतं. सकाळी सोडा, पावसाची झोड असेल तर दिवस पुढे ढकला. दार उघडून बाजूला व्हा. काही पिल्लं लगेच थव्यात मिसळतात. काही दोन-चार दिवस खाण्यासाठी परत येतात, त्यांच्यापुरता मूठभर दाणा ठेवायला हरकत नाही. मग तो हळूहळू बंद करा.

(पुढील आठवड्यात : मांजात अडकलेला पक्षी कसा सोडवावा)