ओहोटीला या, एलियन दुरुस्त करून मिळतील

जपानच्या तोमोहिरो निशिकादो यांनी 1978 साली ‘स्पेस इन्व्हेडर्स’ हा गेम केला, तेव्हा शत्रू कोण हा मोठाच प्रश्न होता. पडद्यावर माणसं मारायची नव्हती. मग एच. जी. वेल्सच्या कादंबरीतले सोंडाळे मंगळवासी आठवले आणि गेममध्ये रांगा लागल्या त्या माकूल, खेकडे आणि ऑक्टोपस यांच्या! म्हणजे व्हिडिओ गेमच्या इतिहासातली सगळ्यात गाजलेली परग्रहावरची फौज मुळात मासळी बाजारातली. कोकणातल्या श्रीवर्धनच्या जीवना बंदरात होड्या लागल्या की त्यातले निम्मे सैनिक टोपल्यांत पडलेले दिसतील. गेममध्ये माकूल टिपल्यास 30 गुण, खेकड्याचे 20 आणि ऑक्टोपसचे 10. चिंबोरीचा भाव ठाऊक असलेली कुठलीही कोळीण हा हिशेब मान्य करायची नाही.

   

तेव्हापासून एलियन देखणे झाले, पण जीवशास्त्रात मागेच पडले. त्यामुळे फॅन-आर्टवाल्यांना एक नामी छंद मिळाला. आवडत्या गेममधला एलियन घ्यायचा आणि तो खरोखर जगू शकेल असा पुन्हा काढायचा. हा खातो काय? श्वास कुठून घेतो? ‘एक्सकॉम 2’ (2016) मधली वायपर ही धडधडीत सापीण. मग तिला स्तन कशाला? छंद म्हणून हसू नका. आर. जे. पामर या चित्रकाराने पोकेमॉनना खऱ्या प्राण्यांसारखी कातडी, खवले आणि पिसं चढवली आणि त्या चित्रांच्या जोरावर त्याला ‘डिटेक्टिव्ह पिकाचू’ (2019) या हॉलिवूडपटाचं काम मिळालं.

माझं म्हणणं इतकंच, की या मंडळींनी स्केचबुक घेऊन श्रीवर्धनला यावं. मात्र भरती-ओहोटीची वेळ बघून.

आधी वजन करा

गेममधला घराएवढा खेकडा पहिल्याच पावलाला बसेल. गॅलिलिओने 1638 मध्येच हे गणित मांडून ठेवलंय: लांबी दहापट केली की वजन हजारपट होतं, पण पायाची जाडी, म्हणजे भार पेलणारा छेद, शंभरपटच वाढतो. म्हणून जमिनीवरचा सगळ्यात मोठा खेकडा, आपल्या निकोबारातही सापडणारा नारळखेकडा, चारेक किलोवर थांबतो. पाण्यात मात्र भार पाणी उचलतं, त्यामुळे जपानी कोळी-खेकडा पाय पसरून 3.7 मीटरपर्यंत जातो. तेव्हा राक्षसी खेकडाच हवा असेल तर त्याला समुद्रात ठेवा. श्रीवर्धनच्या पुळणीवर वाळूच्या गोळ्यांची रांगोळी घालणारे खेकडे नखाएवढे आहेत ते उगीच नाही.

खेकड्याच्या चेहऱ्याबद्दलही एक सूचना. डोळे देठावर, चव पायांना कळते, दळायचे दात पोटात, आणि लघवीची वाट तोंडाजवळ, मिशांच्या बुडाशी. एवढं सगळं एका चित्रात काढलंत तर लोक म्हणतील, अतिशयोक्ती झाली.

आता ती निवटी बघा

बागमांडल्याच्या खाडीकडे चिखल उघडा पडला की निवट्या बाहेर येतात. मासा, पण पाण्याबाहेर हिंडणारा. पुढच्या परांवर ढकलत चालतो, शेपटी आपटून उडी मारतो, दुसरा नर जवळ आला की पाठीवरचं पर ताठ उभारून त्याला दटावतो. डोळे डोक्याच्या माथ्यावर, बेडकासारखे. ते अधूनमधून खाली खोबणीत ओढून घेतो आणि ओले करून वर आणतो. थोडक्यात, पापणी नसताना डोळे मिचकावतो. आपल्या पूर्वजांनी पाणी सोडलं तेव्हा मिचकावणं कसं आलं असेल, हे शोधायला 2023 मध्ये संशोधकांनी निवटीचाच आधार घेतला.

श्वासाचं काय? कल्ल्यांच्या कप्प्यात पाणी भरून घेतो, शिवाय ओल्या कातडीतून आणि तोंडाच्या अस्तरातून हवा घेतो. अंतराळवीर हेल्मेटात हवा भरून पाण्यात उतरतो, हा गालात पाणी भरून हवेत येतो. आणि खरी कमाल बिळात. चिखलाच्या पोटात प्राणवायू जवळजवळ नसतो आणि अंडी तर तिथेच. मग काही जातींचा नर वर येऊन तोंडभर हवा घेतो, खाली नेऊन अंड्यांच्या खोलीत सोडतो, पुन्हा वर येतो. एखाद्या गेममध्ये असला बाप दाखवला असता तर त्याला बक्षीस मिळालं असतं. इकडे त्याचं कालवण होतं. चविष्ट असतं, हेही खरं.

डोक्यावर उभा, लाथांनी जेवतो

हरिहरेश्वरचा प्रदक्षिणामार्ग ओहोटीलाच मोकळा होतो. अनवाणी गेलात तर खडकावरची पांढरी, धारदार, ज्वालामुखीच्या मुखासारखी टरफलं तळव्याला आपली ओळख करून देतील. हे बार्नकल. शिंपल्याचे कुणी वाटतात, पण आहेत कोळंबी-खेकड्यांचे भाऊबंद. पिल्लू मोकळं पोहतं, मग जागा पसंत करून डोक्याकडून खडकाला चिकटतं, भोवती चुन्याचं घर बांधतं आणि उरलेलं आयुष्य उलटं उभं राहून पायांनी पाण्यातलं अन्न तोंडात ढकलतं. डार्विनने 1846 ते 1854 ही वर्षं यांच्यापायी घालवली.

‘हाफ-लाइफ’ (1998) या गेममध्ये छताला चिकटून लांब जीभ खाली सोडणारा एक प्राणी आहे. त्याचं नाव बार्नकलच. चिकटून बसून वाट बघण्याची कल्पना अस्सल, पण जीभ काढून तिथे पिसासारखे पाय लावले तर जास्त पटेल.

त्याच गेममधला हेडक्रॅब माणसाच्या डोक्यावर बसून त्याचं शरीर चालवतो. यात दुरुस्ती कसली करणार! खरा प्रकार त्याहून भयंकर आहे आणि तो करणारा पुन्हा बार्नकलच. सॅक्युलिना नावाच्या जातीची मादी खेकड्यात शिरते, मुळांसारखे तंतू त्याच्या अंगभर पसरवते आणि पोटाखाली, जिथे खेकडी अंडी धरते, तिथे आपली पिशवी काढते. खेकडा नर असला तर त्याचं पोट मादीसारखं रुंद होतं आणि तो ती पिशवी स्वतःची अंडी समजून जपतो, साफ करतो, वेळ आली की पिल्लं पाण्यात सोडायला मदतही करतो. डोक्यावर चढून बसायची गरजच नाही.

‘हेलो’ (2001) मधल्या हंटरला मात्र पैकीच्या पैकी. चिलखतातला तो धटिंगण एक प्राणी नसून शेकडो किड्यांची वसाहत आहे. पावसाळ्यात पश्चिम किनाऱ्यावर वाहून येणारी निळी फुगेवाली ब्लू बॉटल अशीच. एक जीव तरंगायला, काही डंख मारायला, काही पचवायला, काही प्रजेसाठी, आणि सगळे जन्मभर जोडलेले. दिसली तर हात लावू नका, किनाऱ्यावर मरून पडलेलीही डसते.

‘मास इफेक्ट’ (2007) मधल्या ट्युरियनचंही कौतुक करायला हवं. त्यांची प्रथिनं आपल्या प्रथिनांच्या आरशातल्या प्रतिमेसारखी, उलट्या हाताची. श्रीवर्धनात त्याला पाहुणचार म्हणून तळलेली सुरमई वाढलीत तर त्यातली प्रथिनं अंगी लागायची नाहीत, वर पित्त उठलं तर यजमानाचीच धावपळ.

झाडांकडे तर कुणी बघतच नाही. गेममधलं परग्रहावरचं रान बहुधा आपलंच, फक्त जांभळं रंगवलेलं. नासाच्या नॅन्सी कियांग यांनी रंगाचा हिशेब मांडलाय: मंद तांबड्या ताऱ्याखाली प्रकाश इतका कमी, की पानांना मिळेल तो सगळा गिळावा लागेल आणि ती काळी दिसतील. श्रीवर्धनच्या रोठा सुपारीची वाडी, बुंध्यापासून टोकापर्यंत कोळशासारख्या पोफळी. हे चित्र कुणीतरी काढाच.

आणि खरा उमेदवार

तीन हृदयं, निळं रक्त, निम्म्याहून अधिक मज्जापेशी हातांत. ऑक्टोपस पृथ्वीवरचा वाटत नाही, हे मान्य. पण 2018 मध्ये 33 लेखकांच्या एका शोधनिबंधाने त्याची अंडी धूमकेतूंवरून आली असावीत असं गंभीरपणे सुचवलं. बहुतेक जीवशास्त्रज्ञांनी ते उडवून लावलं. ऑक्टोपसचा जनुकसंच 2015 मध्येच वाचून झाला होता आणि त्यात तो गोगलगाय-शिंपल्यांचाच नातलग निघाला होता. लेखकांत खगोलशास्त्रज्ञ चंद्रा विक्रमसिंघे होते. आकाशातून जीव आले का, हा प्रश्न त्यांच्याबरोबर आपल्या जयंत नारळीकरांनाही सतावत असे. फरक असा, की ‘यक्षांची देणगी’ लिहिणाऱ्या नारळीकरांनी गोष्ट गोष्टीत ठेवली आणि प्रश्नासाठी बलून उडवला. 2005 मध्ये हैदराबादहून सोडलेल्या त्या बलूनने 41 किलोमीटरपर्यंतची हवा बाटलीबंद करून आणली. पुण्याच्या आणि हैदराबादच्या प्रयोगशाळांनी ती तपासली आणि 2009 मध्ये जिवाणूंच्या तीन नव्या जाती जाहीर झाल्या. अतिनील किरणांना दाद न देणाऱ्या. एकीला इस्रोचं नाव, दुसरीला आर्यभटाचं, तिसरीला खगोलशास्त्रज्ञ फ्रेड हॉयलचं. त्या परग्रहावरून आल्या असं शास्त्रज्ञांनी म्हटलेलं नाही. पण डोळे नाहीत, दात नाहीत, गुडघे नाहीत. फॅन-आर्टवाल्यांना चूक काढायला जागाच ठेवलेली नाही.