ऊस मोझेइक व्हायरस

उसात मोझेइक रोग उत्पन्न करणारा, पॉटिव्हायरस प्रजातीतील वनस्पती-व्हायरस. रोगट उसाच्या कोवळ्या पानांवर फिकट व गडद हिरवे अनियमित चट्टे दिसतात. हरितद्रव्य घटल्याने वाढ खुंटते. जावात या रोगाची नोंद १८९२ मध्ये झाली. भारतात उसाचा स्ट्रीक मोझेइक व्हायरसही असाच रोग उत्पन्न करतो. कोल्हापूर जिल्ह्यात साखर कारखाने व गुऱ्हाळे दोन्ही उसावर अवलंबून असल्याने तेथे निरोगी बेण्याला विशेष महत्त्व आहे.

गुणन : व्हायरसाचा कण लवचिक तंतूसारखा, सु. ७५० नॅनोमीटर लांब असतो. त्यात सु. ९,६०० न्यूक्लिओटाइडांचा एकसरी आरएनए रेणू व त्याभोवती प्रथिनाचे आवरण असते. रिबोसोम वा ऊर्जानिर्मितीची यंत्रणा नसल्यामुळे कोशिकेबाहेर तो निष्क्रिय राहतो. मावा किडीची सोंड पानात शिरली म्हणजे कण कोशिकेत पोहोचतो व आरएनए मोकळा होतो. उसाचे रिबोसोम हा परका संदेश स्वतःच्या संदेशक आरएनएप्रमाणेच वाचून सु. ३,००० अमिनो अम्लांचे एक लांब प्रथिन तयार करतात. ते ठराविक ठिकाणी तुटून सु. दहा प्रथिने मिळतात. त्यांतील एक एंझाइम आरएनएच्या प्रती तयार करते. या एंझाइमाची केवळ माहिती व्हायरसाची असते. ते घडविणारे रिबोसोम, प्रतींसाठी लागणारी न्यूक्लिओटाइडे, ऊर्जा आणि ज्यांवर हे कार्य चालते ती पटले उसाचीच असतात. नव्या प्रतींभोवती आवरण-प्रथिनाची सु. २,००० एकके रचली जाऊन नवे कण बनतात. कोशिकाभित्तीतील सूक्ष्म मार्गांनी संसर्ग शेजारच्या कोशिकांत पसरतो.

नियंत्रण : व्हायरसाचे गुणन उसाच्या जीवनक्रियांतच गुंतलेले असल्यामुळे लागण झालेला ऊस फवारणीने बरा होत नाही. रोगट टिपरीतून व्हायरस नव्या लागणीत व पुढे खोडव्यात उतरतो. मावा किडीमुळे रोग पसरतो, हे ई. डब्ल्यू. ब्रँडिस यांनी १९२० मध्ये दाखविले. खोडाच्या अग्रावरील विभज्येत व्हायरस सहसा पोहोचत नाही. म्हणून तिच्यापासून ऊतक संवर्धनाने रोगमुक्त रोपे वाढवितात. मांजरी (पुणे) येथील वसंतदादा साखर संस्थेत उसाची ऊतक संवर्धित रोपे तयार होतात. कोल्हापूर येथे महात्मा फुले कृषी विद्यापीठाचे प्रादेशिक ऊस व गूळ संशोधन केंद्र आहे. रोगमुक्त मळ्यातील बेणे वापरणे, रोगट बेटे वेळीच उपटून नष्ट करणे व रोगग्रस्त पिकाचा खोडवा न ठेवणे हे उपाय परिणामकारक ठरतात.