अंधारात उजळणारी चेन : बॅग व रेनकोट शिवणाऱ्यांनी पारखून घ्यावा असा माल

बॅग, जॅकेट किंवा रेनकोट शिवणाऱ्या कारखान्यात सर्वांत कमी विचार होतो तो चेनचा. कापडासाठी चार दुकाने पालथी घालणारा कारखानदार चेनच्या दुकानात मात्र 'पाच नंबर, काळी, एक रोल' एवढेच बोलून मोकळा होतो. परंतु आता याच चेनच्या पट्टीत एक नवा माल आला आहे. दिवसा पाहिले तर पट्टीवर राखाडी रंगाच्या एक-दोन बारीक रेघा दिसतात, त्यापलीकडे काही नाही. रात्री मात्र मोटारीचा दिवा पडताच त्याच रेघा पांढऱ्याशुभ्र उजळून निघतात. ही रेघ छापलेली नसते आणि वरून चिकटवलेलीही नसते. ती पट्टीच्या विणीतच घातलेली असते. हा माल काय आहे, तो कुठे उपयोगी पडतो आणि कुठे फसवतो, याची माहिती आम्ही येथे देत आहोत.

गरज कशासाठी?

आधी रस्त्याकडे पाहू. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालानुसार २०२२ साली देशात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसे मरण पावली. त्यांत ३२,८२५ पादचारी होते आणि जवळजवळ ७५,००० दुचाकीवर बसलेले होते. संध्याकाळी ६ ते ९ ही सर्वाधिक अपघातांची वेळ. कारखान्यांची पाळी सुटते, क्लासमधून मुले घरी निघतात ती हीच वेळ. ज्या रस्त्यावर दिवे नाहीत तेथे गडद कपड्यांतील माणूस चालकाला दिसतो तो अगदी जवळ आल्यावर. तेव्हा ब्रेक दाबूनही उपयोग नसतो. अंगावरचा कपडा किंवा पाठीवरची बॅग स्वतःच दिव्याला उत्तर देऊ लागली, तर चालकाला चार क्षण अधिक मिळतात. या मालाची खरी किंमत त्या चार क्षणांत आहे.

याला 'रेडियम' म्हणू नका

बाजारात चमकणाऱ्या प्रत्येक पट्टीला सरसकट 'रेडियम' म्हणतात. रेडियम हे १८९८ साली क्युरी दांपत्याने शोधलेले मूलद्रव्य. एके काळी घड्याळाच्या तबकड्यांवर ते लावत असत. आजच्या पट्टीशी त्याचा काही संबंध नाही. या एका नावाखाली तीन वेगळ्या वस्तू विकल्या जातात, म्हणून त्या नीट ओळखाव्यात.

पहिली वस्तू म्हणजे फ्लोरोसंट रंग. झगझगीत पिवळा-हिरवा किंवा भगवा. तो दिवसा आणि संधिप्रकाशात डोळ्यांत भरतो, पण काळोखात त्याचा जोर संपतो. दुसरी वस्तू म्हणजे उजेड पिऊन नंतर अंधारात मंद हिरवट चमकणारा माल. तो जवळून छान दिसतो, पण दुरून येणाऱ्या चालकाला त्याचा फारसा उपयोग नाही. तिसरी वस्तू म्हणजे प्रकाश आला त्याच वाटेने परत धाडणारी पट्टी. आमचा विषय ही तिसरी वस्तू आहे. साधी रुपेरी जर किंवा चंदेरी फॉइल या तिन्हींत बसत नाही. ती आरशासारखी उजेड दुसरीकडे फेकते आणि चालकाच्या डोळ्यांपर्यंत त्यातले फार थोडे पोहोचते.

उजेड परत कसा येतो?

या पट्टीच्या पृष्ठभागावर काचेचे अतिसूक्ष्म मणी बसवलेले असतात, रव्याच्या कणाहूनही बारीक. मण्याच्या पाठीमागे ॲल्युमिनियमचा पातळ थर असतो. ही काच साधी नसते. खिडकीच्या काचेचा वक्रीभवनांक १.५ च्या आसपास असतो, तर या मण्यांचा सुमारे १.९. त्यामुळे समोरून आलेला किरण मण्याच्या मागच्या बाजूवर एकवटतो, ॲल्युमिनियमवर आपटतो आणि ज्या दिशेने आला त्याच दिशेला फिरतो. चालकाचे डोळे आणि गाडीचे दिवे जवळजवळ एकाच दिशेला असतात, म्हणून पट्टी त्यालाच सर्वांत तेजस्वी दिसते.

ही कल्पना नवी नाही. इंग्लंडमधील हॅलिफॅक्सच्या पर्सी शॉ यांनी रस्त्यात बसवायच्या चमकत्या 'मांजरडोळ्यां'चे पेटंट १९३४ साली घेतले. योगायोग असा की त्याच वर्षी तोक्योत तादाओ योशिदा यांनी चेनचा तो धंदा सुरू केला, जो पुढे वायकेके या नावाने जगभर पसरला. चेन आणि परतीचा प्रकाश हे दोन धंदे बराच काळ आपापल्या वाटेने गेले. आता एका पट्टीत त्यांची गाठ पडली आहे.

विणीतली रेघ

चेनची पट्टी दोन प्रकारे तयार होते. एक म्हणजे अरुंद मागावर, उभ्या-आडव्या धाग्यांनी. दुसरी निटिंगची, म्हणजे सुयांवर टाके गुंफून. लेस बनवणाऱ्यांकडची क्रोशे मशीन ज्यांनी पाहिली आहे त्यांना ही दुसरी पद्धत लगेच कळेल. सुया उभ्या साखळ्या विणत जातात आणि आडवा धागा त्या साखळ्यांत अडकवला जातो. निटिंगची पट्टी मऊ असते आणि वळणावर सहज फिरते.

चमकता धागा हा मुळात धागाच नसतो. मणी बसवलेल्या पातळ फिल्मच्या अतिशय बारीक चिरफाळ्या करून तो बनतो. सुरतेत पॉलिस्टर फिल्मवर धातूचा मुलामा चढवून, ती चिरून जर बनवतात. कामाची जात तीच. असा चपटा धागा सुईच्या आकड्यात घालून त्याचा टाका काढायला गेले तर तो मुडपतो, तुटतो आणि मणी झडतात. म्हणून त्याचा टाका काढत नाहीत. तो पट्टीच्या अंगावर सपाट आडवा टाकतात आणि साध्या पॉलिस्टरच्या साखळ्यांनी धरून ठेवतात. साखळ्या दाट झाल्या तर चमक झाकली जाते, विरळ झाल्या तर धागा उचकटतो. पट्टी बनवणाऱ्याचे कसब या दोहोंच्या मधे आहे. शिवाय धाग्याला एकाच अंगाने मणी असतील आणि विणताना तो पिळला गेला, तर निम्मी रेघ आंधळी राहते.

मग वरून फिल्म चिकटवलेली पट्टी वाईट काय? ती नवी असताना अधिक तेजस्वी दिसते, कारण तिचा सगळा पृष्ठभाग मोकळा असतो. पण चेन ही रोज शेकडो वेळा वाकणारी वस्तू आहे. बॅगेच्या कोपऱ्यावर फिल्मला आधी सुरकुत्या पडतात, नंतर तडे जातात आणि शेवटी कडा सुटते. विणीतला धागा टाक्याटाक्यांत वाकतो, त्यामुळे ताण एका जागी साठत नाही. थोडक्यात, थोडी चमक देऊन टिकाऊपणा घ्यायचा असा हा सौदा आहे.

जागा किती मिळते?

पाच नंबरच्या चेनची बंद रुंदी साधारण ३० ते ३२ मिलिमीटर असते, म्हणजे एका बाजूला सुमारे १५ मिलिमीटर. त्यातला आतला भाग दातांचा आणि रनरच्या वाटेचा. तेथे रेघ घेतली तर रनर प्रत्येक फेरीत तिला घासतो. बाहेरचा भाग शिलाईत जातो. उरते ती मधली जेमतेम ५ मिलिमीटरची जागा. रेघ नेमकी तिथे हवी. ती २ मिलिमीटर बाहेर सरकली तर पैसे चमकीचे मोजले आणि ती कापडाखाली शिवून टाकली, असे होते. म्हणून रोल घेताना रेघ दातांपासून किती अंतरावर आहे हे पट्टीने मोजा, आणि कारागिराला शिलाईची रेषा आखून द्या.

वस्तूची निवडही महत्त्वाची. जॅकेटची चेन पुढे असते आणि तिच्यावर झडप आली तर ती झाकलीच जाते. उलट पाठीवरच्या बॅगेची चेन कमानीसारखी वळते आणि मागून येणाऱ्या वाहनाला तोंड देते. आपल्याकडे पुष्कळ लोक वाहनांकडे पाठ करूनच चालतात. म्हणून आमच्या मते या चेनची पहिली जागा शाळेची बॅग आणि दुचाकीवाल्याची सॅक हीच आहे. मदनपुरा आणि धारावीतील बॅगवाल्यांनी हे विशेष ध्यानात घ्यावे.

पावसाची अडचण

रेनकोटवाल्यांनी मात्र एक गोष्ट समजून घ्यावी. उघड्या मण्यांवर पाण्याचा थर बसला की किरणांचे वळण बदलते आणि चमक बरीच उतरते. म्हणजे जेव्हा गरज जास्त, तेव्हाच माल मंद. ज्या मालात मणी किंवा सूक्ष्म त्रिकोणी लोलक पारदर्शक थराखाली बंद केलेले असतात, तो पावसात अधिक तग धरतो. युरोपातील ईएन आयएसओ २०४७१ या मानकात चमकत्या पट्टीची ओल्या अवस्थेत वेगळी तपासणी सांगितली आहे, ती याचसाठी.

सेफ्टी जॅकेट म्हणून विकू नका

येथे हिशेब स्पष्ट मांडतो. जॅकेटची चेन ६० सेंटिमीटर लांब आणि दोन्ही बाजूंना ५ मिलिमीटरची उघडी रेघ धरली, तर चमकता भाग ६० चौरस सेंटिमीटर भरतो. वरील मानकातील सर्वांत खालच्या वर्गासाठीही ०.१० चौरस मीटर, म्हणजे १,००० चौरस सेंटिमीटर चमकती पट्टी लागते. शिवाय तिची रुंदी किमान ५० मिलिमीटर हवी. आपली चेन त्या क्षेत्रफळाच्या ६ टक्क्यांवर थांबते. आपल्या देशातही अशा कपड्यांसाठी आयएस १५८०९ हे मानक आहे. रस्त्यावर काम करणाऱ्या मजुराला चमकती चेन लावलेले साधे जॅकेट 'सेफ्टी जॅकेट' म्हणून विकणे ही ग्राहकाची फसवणूक तर आहेच, पण त्यात एखाद्याचा जीवही जाऊ शकतो. ही चेन मदतनीस आहे, रखवालदार नव्हे. लेबलवर 'चमकती चेन' एवढेच लिहा.

खरेदीपूर्वी या परीक्षा करा

१) अंधाऱ्या खोलीत नमुना २० ते ३० फुटांवर टांगा. बॅटरी डोळ्याच्या बाजूला कानशिलाजवळ धरून पाहा. मग तीच बॅटरी हात लांब करून दूर न्या. डोळ्याजवळ असताना रेघ पेटते आणि दूर नेल्यावर विझते, तर माल खरा. दोन्ही वेळा सारखीच दिसली तर तो नुसता रंग किंवा फॉइल आहे. मोबाइलचा फ्लॅश लावून फोटो काढला तरीही फरक कळतो.

२) हीच परीक्षा नमुना पाण्यात बुडवून ओला असतानाच पुन्हा करा.

३) एक हातभर तुकडा कापून शंभर वेळा चेन उघडा-लावा, त्याच जागी घडी घाला, वारंवार धुवा. मग न वापरलेल्या तुकड्याशेजारी ठेवून बॅटरीने तुलना करा.

४) रंगकाम विणण्यापूर्वी झाले की नंतर, हे विचारा. पॉलिस्टर सुमारे १३० अंश सेल्सियसला रंगते आणि ॲल्युमिनियमला आम्ल किंवा अल्कली सोसत नाही. तयार पट्टी रंगवून घ्यायची असेल तर आधी नमुना रंगवून पाहावा.

५) इस्त्री थेट रेघेवर फिरवू नये. ब्लीच टाळावे. ही सूचना ग्राहकासाठी लेबलवरही द्यावी.

६) प्रमाणपत्र दाखवले तर ते चमकत्या धाग्याचे आहे, पट्टीचे आहे की तयार कपड्याचे, हे वाचून घ्या. एकाचे प्रमाणपत्र दुसऱ्याला लागू होत नाही. मोठी ऑर्डर असेल तर प्रयोगशाळेत तपासणी करून घ्यावी. गाझियाबादची नित्रा ही संस्था संरक्षक कापडांच्या क्षेत्रात काम करते.

हिशेब मांडताना

या चेनचा दर साध्या चेनपेक्षा जास्त असणार हे उघड आहे. पण बॅगेच्या एकूण खर्चात चेनचा वाटा लहान असतो आणि एका बॅगेत सगळ्याच चेन चमकत्या असण्याची गरज नाही. फक्त बाहेरच्या मोठ्या कप्प्याला ती लावा, आतल्या खिशांना साधी चालेल. एकदम दहा रोल उचलू नका. एका रोलच्या बॅगा करा, दुकानदाराला अंधारात बॅटरी मारून दाखवा आणि मागणी पाहूनच पुढचे पाऊल टाका. हा असा माल आहे की जो गिऱ्हाइकाला सांगून नव्हे तर दाखवूनच विकला जातो.

स्वस्त मालाच्या शर्यतीत छोट्या कारखानदाराचा निभाव लागणे दिवसेंदिवस कठीण होत आहे. दर उतरवून उतरवून किती उतरवणार? त्यापेक्षा मालाची पारख वाढवून चार पैसे जास्त मागणे शहाणपणाचे आहे. मग चमकती चेन मागणारा व्यापारी दारात आला, तर खरा माल कोणता, तो कुठे लावायचा आणि त्याच्याबद्दल काय बोलायचे नाही, हे त्याला तुम्हीच सांगू शकाल.