अल्पखर्चातील मृण्मय सैन्य : दिवाळीचा किल्ला आणि इतिहासाचे अध्यापन

दिवाळीत अंगणात मातीचा किल्ला बांधून त्यावर मावळे मांडणे ही महाराष्ट्रातील रूढ परंपरा आहे. तथापि बाजारातील तयार मूर्तींत बहुधा शिवाजी महाराज व काही मावळे एवढेच आढळतात. सैन्याची रचना त्यांतून स्पष्ट होत नाही. सभासद बखरीनुसार २५ बारगिरांवर एक हवालदार असे आणि तेवढ्याच घोड्यांमागे एक पखालजी व एक नालबंद असे. म्हणजेच २८ मूर्तींत घोडदळाचे मूळ पथक पूर्ण होते.

परभणी जिल्ह्यातील काळी माती सहज उपलब्ध असली तरी ती ओलाव्याने फुगते व वाळताना भेगाळते. म्हणून ती चाळून तीत बारीक वाळू व राख मिसळावी. मूर्ती बोटभर उंचीच्या, घोड्यांचे पाय जाड ठेवून घडवाव्यात आणि सावलीत वाळवाव्यात. रंगांसाठी चुना, गेरू, पिवडी व काजळी पुरेशी असून बाभळीचा डिंक बंधक म्हणून उपयोगी पडतो. चुन्याच्या अस्तरावर हळद लाल होते. त्यामुळे पिवळ्या रंगासाठी पिवडीच वापरावी. न भाजलेल्या मूर्ती पाण्यात भिजवून पुढील वर्षी तीच माती पुन्हा वापरता येते.

सारांश, पाणी वाहणारा पखालजी व नाल ठोकणारा नालबंद विद्यार्थी स्वतः घडवतो, तेव्हा युद्ध केवळ तलवारीवर चालत नव्हते, हे त्यास उमगते. विकत घेतलेल्या मावळ्यांतून हा बोध होत नाही.