सशाच्या खाद्यात अंड्याचे टरफल : किती आणि कोणाला?

राजारामपुरीसारख्या वस्तीत गच्चीवर चार-सहा ससे पाळायचे, तर खरा खर्च खाद्याचा. दुकानातले खनिज मिश्रण महाग वाटते, आणि अंड्यांची टरफले तर घरात रोजच निघतात. ती वाटून सशांना घालावीत का, असे शाळेत येणाऱ्या अम्मी आम्हाला विचारतात. घालावीत, पण मोजून.

टरफल म्हणजे जवळजवळ सगळे कॅल्शियम कार्बोनेट. एका टरफलात साधारण 2 ग्रॅम कॅल्शियम असते. लक्ष्मीपुरीतून आणलेल्या गव्हाच्या कोंड्यात फॉस्फरस भरपूर, कॅल्शियम मात्र फारच थोडे. कोंडा आणि धान्यावर वाढणाऱ्या सशाची ही उणीव टरफल भरून काढते.

अडचण सशाच्या शरीराची आहे. माणसाचे आतडे बहुतांशी गरज पाहून कॅल्शियम घेते. ससा मात्र खाद्यात जेवढे जास्त, तेवढे जास्त शोषतो आणि उरलेले लघवीवाटे टाकतो. म्हणून त्याची लघवी गढूळ, पांढरट असते. हे ओझे रोजचे झाले आणि पाणी कमी पडले, तर मूत्राशयात गाळ साचतो, खडे होतात.

आता हिशेब पाहू. वाढत्या पिलाच्या खाद्यात अर्धा टक्का कॅल्शियम पुरते. रोज 100 ग्रॅम खाणाऱ्याला अर्धा ग्रॅम. म्हणजे एक टरफल ही त्याची चार दिवसांची गरज! पाजणाऱ्या मादीची गरज मात्र दुप्पट, कारण तिच्या दुधातून पुष्कळ कॅल्शियम जाते. म्हणून कोंडा-धान्याच्या एक किलो मिश्रणात पिलांसाठी 8 ते 10 ग्रॅम भुकटी आणि पाजणाऱ्या मादीसाठी 25 ग्रॅम घालावी. लसूणघास भरपूर देत असाल, तर पिलांना भुकटी नकोच. त्या घासातच कॅल्शियम पुष्कळ असते.

टरफले दहा मिनिटे उकळून, वाळवून, बारीक वाटावीत. किलोमागे 5 ग्रॅम मीठ घालावे. हाडांची भुकटी टाळावी. ती कोणत्या जनावराची, हे आपल्याला कळत नाही. जस्त, तांबे टरफलातून पुरेसे मिळत नाही, तेव्हा खनिज मिश्रण अजिबात बंद करू नये. मात्र त्यातही कॅल्शियम असते, ते पाकिटावर पाहून भुकटी तेवढी कमी करावी.

पाजणारी मादी थरथरू लागली किंवा आडवी पडली, तर त्याच दिवशी पशुवैद्यकाकडे न्यावी. पिंजऱ्यात स्वच्छ पाणी चोवीस तास असावे. घरातल्या टाकाऊ वस्तूत बरकत आहे खरी, पण ती मापाने घातली तरच.